कुर्ल्याची फियाट मूळ रूपात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, डिलाइट किंवा पद्मिनी तुमच्या दारात उभी आहे, ती नुसती चालती न करता जशी होती तशी करायची आहे, आणि प्रत्येक मिस्त्री वेगळं सांगतो. अशा लोकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एंजिन बांधणं, पत्रा जोडणं हे विषय यात नाहीत. मूळ तपशील शोधायचा कसा आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, एवढंच आहे.

सगळे हिला 'फियाट'च म्हणतात. माझ्याकडची नेमकी कोणती, हे कसं ठरवू?

हा प्रश्न सुटल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका. आपल्याकडे १९५४ची गाडीही फियाट आणि १९९८चीही फियाट. प्रत्यक्षात त्या चार-पाच वेगवेगळ्या गाड्या आहेत.

पहिली मिलेचेंतो, म्हणजे फियाट ११००-१०३. इटलीत ती १९५३ साली आली आणि पुढच्याच वर्षापासून कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. गोल पाठीची, बसकी. हीच ती 'डुक्कर फियाट'. तिची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबावर. त्यानंतर पन्नाशीचं दशक संपताना आणि साठीच्या सुरुवातीला मागच्या मडगार्डांना पंख फुटलेल्या गाड्या आल्या, त्यांत सिलेक्ट आणि सुपर सिलेक्ट ही नावं ऐकू येतात. १९६४ साली डिलाइट आली. तिचा मूळ साचा इटलीतल्या ११०० डी या गाडीचा, आणि पुढे साडेतीन दशकं रस्त्यावर दिसलेली चौकोनी फियाट ती हीच. फियाटबरोबरचा परवान्याचा करार १९७२ मध्ये संपला, म्हणून १९७३ मध्ये तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. शेवटच्या काळात हिच्यात डिझेल एंजिन आलं, फ्लोअर गिअर आले, पुढच्या अखंड बाकड्याच्या जागी वेगळ्या सीटा आल्या.

प्रेसिडेंट जेमतेम वर्षभर बनली. त्यामुळे कागदावर १९७३ असलेली गाडी हाती आली, तर तिला सरसकट पद्मिनी करून टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. नावाच्या पट्ट्या काढून पद्मिनीच्या लावलेल्या प्रेसिडेंट मी पाहिल्या आहेत, आणि मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

मॉडेल वर्ष आणि पासिंगचं वर्ष एकच धरायचं ना?

नाही. त्या काळी गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. कारखान्यानेही दरवर्षी नवं मॉडेल अशी पद्धत पाळली नाही. एखादा भाग बदलला की तो कुठल्या तरी चेसिस नंबरपासून बदलला. म्हणून तुमचा खरा आधार चेसिस नंबर. पासिंगची तारीख त्याच्या जवळपासची असेल, पण परराज्यातून आणून पुन्हा नोंदवलेल्या गाडीच्या बाबतीत तेही सांगता येत नाही. पाटीवरूनही अंदाज येतो. मुंबईच्या जुन्या पाट्या बीएम, एमआर, एमएम अशा सुरू होत. एमएच आणि पुढे कार्यालयाचा आकडा ही पद्धत १९८९ची. साठीच्या दशकातल्या गाडीवर एमएचची पाटी असेल, तर मधे काहीतरी घडलेलं आहे आणि ते शोधण्यासारखं आहे.

'ओरिजिनल' म्हणजे नक्की काय धरायचं?

यावर क्लबांमध्ये भांडणं होतात. माझ्या मते आधी एक दिवस ठरवावा. गाडी कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडली तो दिवस? आजोबांनी शोरूममधून घरी आणली तो? की तुमच्या लहानपणी ती जशी होती ती वर्षं? तिन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. पण तिन्हींची खिचडी केली की जी गाडी तयार होते ती कधीच अस्तित्वात नव्हती.

कारखान्याचा दिवस धरलात तर रेडिओ, जादा दिवे, छतावरचं कॅरिअर, बंपरवरच्या नळ्या हे बहुतेक सगळं उतरतं, कारण या वस्तू विक्रेत्याकडे किंवा बाहेर बसवल्या जात. घराचा दिवस धरलात तर आजोबांनी लावलेला रेडिओ हाच पुरावा. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ असलेल्या फिवाने २०१२ साली तुरीन सनद स्वीकारली. तिचाही कल इकडेच आहे: गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हाही तिचा इतिहास, आणि शक्य तिथे आहे ते जपणं हे नवं बसवण्यापेक्षा वरचं.

म्हणून सगळ्यात आधी गाडीकडे नीट बघा. चाळीस-पन्नास वर्षांचा कंपनी पेंट थोडा विटलेल्या अवस्थेत का होईना शाबूत असेल, तर तो खरवडून नवा मारणं हे रिस्टोरेशन नाही. कितीही झळाळी आली तरी नाही.

गाडी खोलायला देण्याआधी काय करून ठेवावं?

फोटो. आणि 'पुढून, मागून, आतून' असे पाच नव्हेत. बॉनेट उघडून वायरिंग कुठून कुठे जातं, कुठल्या क्लिपने धरलंय, पाइपावरचा क्लॅम्प पट्टीचा आहे की तारेचा, बॅटरीचा ट्रे कसा आवळलाय, दाराच्या आतल्या पॅनेलच्या क्लिपा, डिकीतली चटई, जॅक ठेवायची जागा, स्टेपनीचा स्क्रू, हे सगळं. प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. रंग नोंदवायचा असेल तर फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली पांढरा आणि मोतिया सारखेच दिसतात.

मग भाग उतरतील तसे पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावा. नट-बोल्टसुद्धा. फियाटचे आटे मेट्रिक आहेत; पन्नास वर्षांत कुणी इंची बोल्ट ठोकून बसवला असेल तर तो चटकन वेगळा कळतो. ज्या जागी मूळ बोल्ट सापडेल, तिथली जागा बहुधा कधी उघडलीच गेली नाही असं समजा आणि तिथे आणखी बारकाईने बघा. मूळ वॉशर, मूळ रंग, कारखान्यात खडूने केलेली खूण, असं काहीही निघू शकतं.

गॅरेजवाल्याला एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: जुना भाग कितीही निकामी झाला तरी फेकायचा नाही. सडलेला काचेचा रबर नवा कापायला नमुना म्हणून लागतो. फाटलेलं रेक्झिन तर सोन्यासारखं.

आरसी बुक हरवलं आहे, फक्त स्मार्ट कार्ड आहे. चालेल?

गाडी रस्त्यावर चालवायला चालेल, संशोधनाला फारसं नाही. जुन्या पुस्तकात पहिला मालक, पुढचे मालक, बँकेचा बोजा, रंग, एंजिन बदलल्याची नोंद, मूळ पासिंगची तारीख असा सगळा प्रवास असतो. कार्डावर आजची स्थिती उरते. म्हणून पुस्तक अजून हातात असेल तर कुठल्याही कामासाठी जमा करण्याआधी कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाची प्रत काढा.

हरवलंच असेल, तर ज्या आरटीओत गाडी प्रथम नोंदली गेली तिथे नोंदवहीचा उतारा मागावा. कार्यालयात याला 'बी एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात. जुन्या वह्या सापडतील याची खात्री कुणी देणार नाही, पण चेसिस नंबर आणि मूळ पाटीचा नंबर हाताशी असेल तर काम सोपं होतं. विम्याच्या जुन्या पॉलिसी, सर्व्हिसिंगची बिलं, गाडी घेताना काढलेल्या कर्जाचे कागद यांतही रंग आणि एंजिन नंबर लिहिलेले असतात. घरातल्या ट्रंका उघडा. गाडीपेक्षा तिचे कागद माळ्यावर जास्त सुरक्षित राहिलेले असतात.

मूळ रंग कोणता होता, हे कसं ओळखू? आत्ता वर किमान तीन थर आहेत.

कागदावरचा रंग ही सुरुवात, शेवट नव्हे. 'हिरवा' एवढंच लिहिलेलं असतं, आणि हिरवे कितीतरी.

गाडी स्वतः सांगते. जिथे रंगारी कंटाळतो तिथे बघा: डॅशबोर्डच्या खालची बाजू, ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा पत्रा, दाराच्या पॅनेलच्या आत, मागच्या बाकड्याखाली, डिकीच्या झाकणाच्या आतल्या बरगड्या, नावाच्या पट्टीच्या मागे, काचेच्या रबराखाली दबलेली कड. दोन-तीन ठिकाणी तोच रंग सापडला तरच तो मूळ धरा. एकाच ठिकाणी सापडलेला रंग हा दुसऱ्या गाडीवरून आणलेल्या दाराचाही असू शकतो, आणि मुंबईच्या गाड्यांना दारं बदलायला फारसं निमित्त लागत नसे.

दुसरी रीत थर उघडण्याची. एखाद्या आडजागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू गोल घासत गेलात की रुपयाएवढ्या जागेत एकात एक कडी दिसू लागतात: वरचा आजचा, त्याखाली कालचा, मधे कुठे पुट्टी, मग प्रायमर, आणि तळाला पत्रा. कुठला थर मूळ ते प्रायमरवरून ठरतं. कारखान्याचा प्रायमर सगळ्या गाडीभर सारखा असतो. गल्लीतल्या गॅरेजचा जागोजागी वेगळा. खाली काळा आणि छताला पिवळा निघाला तर पुढचा टॅक्सीचा प्रश्न वाचा.

रंग सापडला की लगेच दुकानात धावू नका. उन्हात राहिलेला रंग फिका पडतो आणि अंधारात राहिलेला सिंथेटिक पांढरा किंवा मोतिया कधीकधी पिवळट होतो. ग्लोव्ह बॉक्समागचा तुकडा हलक्या कंपाउंडने घासून स्वच्छ करा, मग चांगल्या पेंटच्या दुकानातल्या रंग वाचणाऱ्या यंत्रावर मोजून घ्या आणि शेजारी एक नमुना पत्रा रंगवून दोन दिवस उन्हात ठेवून बघा. शेवटचा निर्णय डोळ्यांचा, यंत्राचा नव्हे.

चकाकीचा मुद्दा वेगळा. जुन्या गाड्या सेल्युलोज लॅकर किंवा सिंथेटिक इनॅमलमध्ये रंगत. आजच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा आणि वरच्या पारदर्शक क्लिअर कोटचा ओला, काचेसारखा थर त्यांच्यावर नव्हता. टिकाऊपणासाठी पीयू वापरणं समजण्यासारखं आहे, पण तेव्हा क्लिअर कोट टाळा आणि चमक थोडी मारा. मेटॅलिक रंग तर १९६८च्या डिलाइटवर बघवत नाहीत.

जुन्या जाहिराती आणि फोटो किती विश्वासाचे?

जाहिरात ही गाडी विकायला असते. जुन्या जाहिरातींत पुष्कळदा चित्रकाराने काढलेली गाडी दिसते: लांबट, रुंद, चाकं मोठी. रंग तर छपाईचा, गाडीचा नव्हे. तरीही इंग्रजी साप्ताहिकं, वर्तमानपत्रं, मराठी मासिकं आणि दिवाळी अंक चाळणं फायद्याचं आहे, कारण जाहिरातीला तारीख असते. अमुक साली 'डिलाइट' हे नाव छापलेलं आहे, ही गोष्ट निर्विवाद. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, पुण्याचं नगर वाचन मंदिर अशा ठिकाणी जुने अंक मिळतात. तिथल्या वेळा आणि नियम आधी विचारून जा.

खरा खजिना घरगुती अल्बम. नवी गाडी आली की हार घालून, नारळ फोडून, सगळ्या कुटुंबाने तिच्यापुढे उभं राहून फोटो काढायची आपली पद्धत. संशोधकाला याहून चांगलं काही मिळणार नाही. गाडी पहिल्या दिवसाची, तारीख बहुधा मागे लिहिलेली, आणि पुढचा भाग अगदी स्पष्ट. लग्नातल्या फोटोंत मागची बाजू मिळते. शेजाऱ्यांचे, मामांचे, कंपनीच्या सहलीचे अल्बम मागून बघा. निगेटिव्ह असेल तर तीच स्कॅन करा, प्रिंटमध्ये न दिसणारी नावाची पट्टी तिच्यात वाचता येते. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून मात्र रंग ठरवू नका, लाल आणि गडद हिरवा दोन्ही सारखेच करडे उमटू शकतात.

जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांत फियाटा भरपूर आहेत. उपयोग मर्यादित. चित्रीकरणाला आणलेली गाडी कुणाची, किती जुनी, काय काय बदललेली, हे पडद्यावरून कळत नाही.

ओनर्स हँडबुक, वर्कशॉप मॅन्युअल, पार्ट्स कॅटलॉग: एकच घेता येत असेल तर कोणतं?

पार्ट्स कॅटलॉग, डोळे मिटून. हँडबुक मालकाला हवा किती भरायची ते सांगतं, मॅन्युअल मिस्त्रीला दुरुस्ती कशी करायची ते. कॅटलॉगमध्ये प्रत्येक स्क्रूचं चित्र, क्रमांक, आणि एखादा भाग बदलला असेल तर कुठल्या नंबरपर्यंत जुना आणि कुठून नवा, हे दिलेलं असतं. तुमच्या चेसिस नंबरासमोर तो ठेवला की निम्मे वाद मिटतात. फक्त आवृत्ती बघून घ्या: पद्मिनीचा कॅटलॉग डिलाइटला लावला की नवे घोटाळे सुरू. आणि कॅटलॉगमधला भाग प्रत्यक्ष गाडीत नसेल, तर लगेच कॅटलॉग खरा आणि गाडी खोटी असं ठरवू नका. टंचाईच्या काळात कारखाने हाती असेल ते बसवत. शेजारच्या चेसिस नंबरांच्या, कधीच न उघडलेल्या दोन गाड्यांवरही तोच 'चुकीचा' भाग दिसला तर तो तुमच्या गाडीचा मूळ भाग आहे.

इटलीतून माहिती आणि भाग मागवले तर सगळं सोपं होईल ना?

थोडं सोपं, बरंचसं अवघड. तुरीनमध्ये फियाटचं ऐतिहासिक संग्रहालय आहे, युरोपात ११००चे क्लब आहेत, आणि मिलेचेंतोच्या सुरुवातीच्या गाड्यांसाठी तिकडची छायाचित्रं खरोखर उपयोगी पडतात. पण कुर्ल्याची गाडी हळूहळू वेगळी होत गेली. सगळ्यात मोठं उदाहरण एंजिन. इटलीतल्या ११०० डीचं एंजिन १,२२१ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७२ मिलिमीटर. आपल्या डिलाइट आणि पद्मिनीचं १,०८९ सीसीचंच राहिलं, बोअर ६८. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्हींचा ७५. म्हणजे तिकडून '११०० डीचे पिस्टन' मागवलेत तर ते शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचे.

दुसरा सापळा ११०० आर या गाडीचा. इटलीत १९६६ मध्ये डीच्या जागी ती आली, आपल्याकडे आली नाही. इंटरनेटवर 'फियाट ११००' म्हणून विकली जाणारी जाळी आणि दिवे बरेचदा तिचे असतात.

विजेचं सामानही तसंच. तिकडच्या गाडीवर इटालियन नाव दिसेल. इथे साठीच्या दशकापासून मद्रासच्या लुकास-टीव्हीएससारख्या देशी कारखान्यांचा माल बसू लागला. तुमच्या १९७०च्या गाडीत देशी डायनामो असेल तर तोच बरोबर. त्याच्या जागी इटालियन बसवून गाडी जास्त 'अस्सल' होत नाही. लुकासच्या अनेक भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. पुसून बघा, गाडीच्या वयाशी जुळलं तर तो भाग पहिल्या दिवसापासूनचा असण्याची शक्यता बरीच.

माझी गाडी आधी टॅक्सी होती, असा संशय आहे.

पद्मिनी म्हटली की मुंबईत काळी-पिवळी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. खाजगी म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक गाड्यांचं पहिलं आयुष्य परमिटवर गेलेलं आहे. खुणा अशा: डाव्या बाजूला, पुढच्या काचेजवळ बाहेर लोखंडी मीटर असायचा, त्याची बुजवलेली भोकं, छतावर पाटीची भोकं आणि कॅरिअरने घासलेले पन्हाळीचे काठ, डिकीत सीएनजीच्या टाकीच्या पट्ट्यांची वेल्डिंग, आणि थर उघडताना दाराला काळा पण छताला पिवळा.

टॅक्सी निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. उलट तिला पुन्हा काळी-पिवळी करणं हा मला सगळ्यात प्रामाणिक पर्याय वाटतो. सोज्वळ पांढऱ्या 'फॅमिली कार' पुष्कळ झाल्या आहेत, मूळ मीटरसह नीट उभी केलेली टॅक्सी क्वचित. मात्र खाजगी नोंदणीवर टॅक्सीचे रंग लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या. रंगबदल नोंदवावा लागतो, आणि हे रंग भाड्याच्या गाडीचे आहेत.

एंजिन बदललेलं आहे. मग संपलंच का?

गाडी संपली नाही, पण पुरावा कमी झाला. आधी बघा, बदलाची नोंद आरसीवर आहे का. असेल तर कधी, कुठल्या नंबराने. पेट्रोल काढून डिझेल टाकण्याची लाट येऊन गेली, तेव्हा मूळ एंजिनं भंगारात गेली. परत सापडणं ही नशिबाची गोष्ट. त्याच काळातलं, त्याच प्रकारचं १,०८९ सीसीचं एंजिन बसवून रीतसर नोंद करून घेणं हे योग्य. ब्लॉकवरचा जुना नंबर घासून त्यावर आपला ठोकणं हा गुन्हा आहे. 'मॅचिंग नंबर'च्या, म्हणजे एंजिन आणि चेसिसचे नंबर मूळ कागदांशी जुळण्याच्या नादात काही दलाल हे सुचवतात. त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये.

सीट आणि छताचं कापड कसं शोधायचं?

बाकडं उलटं करा. खालच्या बाजूला, जिथे रेक्झिन दुमडून तारेला अडकवलंय, तिथे ऊन आणि घाम पोचलेला नसतो. रंग, दाणा, शिलाईची लांबी, पायपिंगची जाडी सगळं तिथे ताजं मिळतं. स्प्रिंगवरचं तरट आणि काथ्याही जपा. वर टॉवेलचे किंवा मखमली कव्हर अनेक वर्षं असतील तर नशीब तुमचं, खालचं मूळ रेक्झिन वाचलेलं असेल. तोच दाणा आज मिळेलच असं नाही. रंग जुळून दाणा किंचित वेगळा आला तरी चालेल, उलटं मात्र लगेच डोळ्यांत खुपतं.

पद्मिनीवर फियाटचा बिल्ला लावला तर काय बिघडलं? सगळे तिला फियाटच म्हणतात.

बोलायला काही बिघडत नाही. गाडीवर बिघडतं.

भाग शोधायला कुठे फिरावं?

मुंबईत ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार, कुर्ल्याचा भंगार बाजार, चोर बाजार. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. दिल्लीत काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट. रिकाम्या हाताने जाऊ नका: जुना भाग किंवा त्याचा मोजपट्टीसकट फोटो आणि कॅटलॉग क्रमांक बरोबर हवा. 'फियाटची काच आहे का' विचारलंत तर काच मिळेल, तुमच्या गाडीची नव्हे. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातला न वापरलेला माल अजूनही निघतो. पण खोकं जुनं आणि भाग नवा हा धंदाही जोरात आहे, तेव्हा तेलाचा वास, कागदाचा चुरा, गंजाची जात बघून घ्या.

जुने मिस्त्री म्हणतात ते प्रमाण मानावं का?

त्यांना मान द्यावा, आणि प्रश्न नीट विचारावा. 'पूर्वी कसं होतं काका?' असं विचारलं की जे त्यांनी शेवटचं आणि सर्वांत जास्त पाहिलं तेच आठवतं, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातली पद्मिनी. तुमची गाडी १९६६ची. त्याऐवजी दोन फोटो पुढे ठेवा आणि यातलं हँड गिअरच्या (स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेल्या) गाडीला कुठलं यायचं ते विचारा. हाताने केलेल्या कामाची आठवण हातात असते: भाग हातात दिला की कित्येकदा उत्तर आपोआप येतं. कुर्ल्याच्या कारखान्यात काम केलेलं कुणी ओळखीत असेल तर त्यांना गाडीपर्यंत घेऊन या, फोनवर विचारू नका.

गोव्यातून गाडी घेतली आहे. काही फरक?

असू शकतो, आणि मोठा. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. तिथे गाड्या परदेशातून थेट येत, भारताच्या आयात-निर्बंधांशी त्यांचा संबंध नव्हता. तेव्हा त्या काळातली गोव्याची मिलेचेंतो ही तुरीनची असू शकते आणि तिला इटालियन काटे, इटालियन काच हेच बरोबर. मुक्तीनंतरच्या, जीडी पाटीच्या गाड्या पाहताना पहिला मालक आणि प्रथम नोंदणी जरूर तपासा. किनाऱ्यावरच्या गाडीचे फुटबोर्ड, दारांचे तळ आणि स्टेपनीची खोबण टोचून बघणं वेगळं सांगायला नको.

कारखान्याचे दोषही परत आणायचे का?

माझं उत्तर 'हो, बऱ्यापैकी' असं आहे. कुर्ल्याच्या गाड्यांची दारं रोल्स-रॉइससारखी बसत नव्हती. फटी कमीजास्त, रंगाला संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरखर, न दिसणाऱ्या जागी क्रोमचा कंजूसपणा. आजचा चांगला कारागीर हे सगळं सुधारून टाकतो, आणि मग प्रदर्शनात शेजारी उभ्या असलेल्या न सोललेल्या गाडीपुढे ही परकी वाटते. पत्रा सडू देऊ नका, पण जिथे मूळ गाडी साधी होती तिथे तिला साधीच राहू द्या. साध्या रंगवलेल्या चाकांवर क्रोम चढवणं आणि मूळ ५.२०-१४ मापाच्या जागी रुंद टायर घालणं, या दोन गोष्टींनी गाडी दुरूनच ओरडते.

मग सुरक्षेचं काय? आणि पेट्रोल?

इथे मूळपणाचा हट्ट सोडा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरची डायफ्रॅम आणि गॅस्केट त्यात टिकत नाहीत. इथेनॉल सोसणारा पाइप घ्या आणि हवं तर वरून जुन्या पद्धतीची वीण चढवा. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ते तसेच ठेवा, पण आतले सिलिंडर, पाइप, लायनर नवे हवेत. सीटबेल्ट लावायचे तर असे लावा की उद्या कुणाला काढावेसे वाटले तर बॉडीला जखम राहू नये. जे बदलाल त्याचा मूळ भाग पिशवीत, चिठ्ठीसह.

व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल का?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत यासाठी वेगळी तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा एंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. म्हणजे डिलाइट, प्रेसिडेंट आणि सुरुवातीच्या पद्मिनी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,०००. नव्या पाटीत 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि तो ठेवावाच.

मेख अशी की या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. भाड्याने तर नाहीच. रविवारी सहकुटुंब लोणावळ्याला जायचं असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून फिरणं बरं. इथवर जमवलेली फाइल इथे उपयोगी पडते: जुने फोटो, आरसीच्या प्रती, भागांवरच्या तारखा. तपासणीला आलेल्या माणसाला 'मूळ रूप' दाखवायला दुसरं काय असतं?

एखाद्या तपशिलाचा पुरावाच मिळत नसेल तर?

थांबा. त्या भागाशिवाय गाडी उभी राहत असेल तर जागा रिकामी ठेवा. नसेल तर साधा, सहज निघेल असा भाग बसवा आणि वहीत लिहा, 'आधार नाही, तात्पुरता'. वही म्हणजे खरोखरची वही: डाव्या पानावर काय सापडलं, उजव्या पानावर काय केलं आणि कशाच्या आधारावर. तीन वर्षांनी कुणीतरी १९६५चा अल्बम घेऊन येतं आणि डॅशबोर्डचं बटण मोतिया होतं हे त्यात लख्ख दिसतं. तेव्हा कुठलं बटण बदलायचं, ते वहीतून एका मिनिटात सापडलं पाहिजे.